दिवे लागण्याआधी

जयसिंगरावांच्या घरातल्या बायका सिनेमाला जात, पण एकीनंही कधी सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. घराण्याची रीतच तशी. थिएटरातल्या बॉक्सला पडदा, टांग्याला पडदा, आणि या दोन पडद्यांमधली पंधरा-वीस पावलं गर्दी सुटायच्या आत पार पडली पाहिजेत. म्हणून शेवटची दहा मिनिटं उरली, की म्हातारा टांगेवाला बाबूराव बॉक्सबाहेर येऊन खाकरायचा. मग नायिका पुरात वाहत असो की फासावर चढत असो, इकडे पदर सावरून उठायचं. होळकरांचं राज्य गेलं, मध्य भारत आलं, फौज मोडली, जयसिंगरावांचा कॅप्टनचा पोशाख पेटीत जाऊन पडला. बाबूरावचं खाकरणं मात्र होतं तिथंच राहिलं.

टांगा हलला, की जयसिंगरावांच्या आई भानुमतीबाई सुनेला विचारायच्या, "कमल, पुढं काय झालं?"

आणि कमल शेवट सांगायची. देवासच्या हेडमास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास, लहानपणापासून पुस्तकातला किडा. शेवट रचण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. घर येईपर्यंत ती खलनायकाला तुरुंगात घालायची, हरवलेलं मूल आईच्या मांडीवर आणून ठेवायची. वाचणाऱ्या सुनेला खरा शेवट ठाऊकच असणार, असं धरून भानुमतीबाई मान डोलवायच्या. चार वर्षांत सासू-सुनेचं जे काही जमलं होतं, ते त्या अंधाऱ्या टांग्यात जमलं होतं. बाकी दिवसभर घरात होत्या त्या चार भिंती, स्वयंपाक आणि बंद खिडक्या. कधी कधी कमलला श्वाससुद्धा कुणाला तरी विचारून घ्यावा लागेल असं वाटायचं.

त्या आठवड्यात तिच्या बटव्यात एक फॉर्म होता. बायकांसाठी शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा. एक वर्षाचं ट्रेनिंग, मग कन्याशाळेत नोकरी. शनिवार शेवटची तारीख, आणि खाली सही हवी होती पतीची किंवा पालकाची. जयसिंगरावांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला. "लोक म्हणतील, कॅप्टन आता बायकोच्या जिवावर बसून खातो. तरी आईसाहेबांना पटलं तर बघू." वाईट माणूस नव्हता. तोही त्या घरात अडकलाच होता; पण त्याला निदान कोपऱ्यावर पान खायला जाता येत होतं.

आईसाहेब हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

सोमवारी दुपारी जो सिनेमा पाहिला, त्याची गोष्ट कमलला तोंडपाठ होती. वडिलांनी दिलेल्या परीकथांच्या जुन्या पुस्तकातली. राजा आपल्या लेकीला बेटावरच्या वाड्यात ठेवतो, सात दारं, दाराला पहारा. रोज धुण्याचे कपडे नावेतून नेणारी एक नावाडीण तिला म्हणते, तुला बाहेर नेते, पण फुकट नाही. तुझं तरुणपण मला दे. राजकन्या देते. केस पांढरे होतात, पाठ वाकते. पहारेकरी तरुण मुलीवर नजर ठेवून असतात. म्हातारीला कोण अडवतंय? सातही दारांतून ती चालत बाहेर पडते. बाजारात आई तिला ओळखत नाही. ती नदीकाठी टोपल्या विणून राहते आणि संध्याकाळी वाटेल तिथं फिरून येते. गोष्ट तिथं संपते. लहानपणी कमल या शेवटाला रडली होती. लग्नानंतर तिला तोच शेवट हवाहवासा वाटू लागला.

नावाडीण पडद्यावर आली आणि बाबूराव खाकरला. टांग्यात कमलनं पुस्तकातला शेवट सांगितला. या वेळी आपलं काही घातलं नाही.

भानुमतीबाईंनी कानामागची एक बट चाचपली. मग म्हणाल्या, "पांढऱ्या केसांना दार उघडतं होय? माझे पांढरे होऊन दहा वर्षं झाली."

कमलला वाटलं, आता बोलावं. पण घर आलं.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. परदेशीपुऱ्याची जनाबाई महिन्यापूर्वीच कामाला लागली होती. ती भांडी घासत असताना भानुमतीबाईंनी तिला राजकन्येची गोष्ट ऐकवली, तशी ती राखेचे हात तसेच धरून हसायला लागली.

"नाही हो, आईसाहेब! मी दो बार बघितला ना तो पिक्चर. ती म्हातारी-बितारी काही नाही होत. राजकुमार येतो, सातों चाब्या घेऊन. घोड्यावर बसवून नेतो तिला. फिर शादी, बॅन्ड-बाजा, सब कुछ!"

भानुमतीबाईंनी कमलकडे पाहिलं. "खोटं सांगितलंस मला?"

"पुस्तकात तसंच आहे, आईसाहेब."

"आणि इतकी वर्षं सांगितलेस ते?"

बाहेर ओसरीवर जयसिंगरावांनी सगळं ऐकलं होतं. ते आत येऊन म्हणाले, "पिक्चरवाल्यांनाही कळलं, असला शेवट कुणाला बघवणार नाही. तुम्हीच पुस्तकातलं डोक्यात घेऊन बसलात. तो फॉर्म आता राहू द्या." पुस्तक त्यांनी नेऊन पोशाखाच्या पेटीत टाकलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

कमल चुलीपाशी बसून रडली. फॉर्मसाठी रडली, पुस्तकासाठी रडली, आणि सासूचा विश्वास गेला म्हणून सगळ्यांत जास्त रडली. त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

दोन दिवस भानुमतीबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. शुक्रवारी दुपारची जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "लुगडं बदल. कोण खरं बोलतंय ते मी माझ्या डोळ्यांनी बघते."

तोच बॉक्स, तोच सिनेमा. नावाडीण आली. बाबूराव खाकरला. कमल सवयीनं उठली. भानुमतीबाई उठल्या नाहीत.

बाबूराव पुन्हा खाकरला. मग पडद्याआडून हळूच म्हणाला, "आईसाहेब, टाइम झाला. भीड छूट जाएगी."

"सुटू दे," भानुमतीबाई म्हणाल्या.

राजकुमार आला. नावाडिणीला दोन मोहरा देऊन त्यानं वाटेला लावलं. एकेक कुलूप उघडलं. राजकन्या एक केसही पांढरा न होता घोड्यावर बसली. घोडा राजकुमाराच्या वाड्यापाशी आला. तो वाडा पहिल्यापेक्षा मोठा होता. दोघं आत गेली, सनई वाजली आणि भला थोरला दरवाजा बंद झाला. थिएटरात टाळ्या पडल्या.

दिवे लागले. कमलनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. खाली लोक चपला शोधत होते, पोरांना हाका मारत होते. वर कुणीही बघत नव्हतं.

टांगा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, होळकरांच्या समाध्यांपर्यंत आला. मग पडद्याआडच्या अंधारातून भानुमतीबाईंचा आवाज आला, "कमल, पुढं काय झालं?"

"आत्ता तर शेवट पाहिलात, आईसाहेब."

"तो पाहिला. त्या दुसऱ्या वाड्यात गेल्यावर पुढं काय झालं, ते विचारतेय."

आता काही रचायचं कमलच्या जिवावर आलं.

"काही नाही झालं. दुपारी सिनेमाला जायची. शेवटाआधी उठून यायची."

टांग्यानं एक वळण घेतलं.

"त्या नावाडिणीला उगीच हाकललं," भानुमतीबाई म्हणाल्या. "कागद कुठंय तुझा?"

कमलनं बटव्यातून फॉर्म काढला. टोपण काढून फाउंटन पेन पुढं केलं.

"मला मोडीच येते. चालेल?"

"चालेल. पण यांना काय सांगायचं?"

"मी सांगेन. महिनाभर बोलणार नाही माझ्याशी. एकुलता एक आहे, जड जाईल मला." त्यांनी कागद गुडघ्यावर धरला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा गुडघ्यावर ठेवला. "बाबूराव, उभा कर टांगा. इथं काही दिसत नाही मेलं."

टांगा थांबला. भानुमतीबाईंनी हात लांब करून पडदा बाजूला सारला. दुपारचं ऊन आत आलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पुढं निघून गेला. त्या एकेक अक्षर आठवून काढू लागल्या.

बाबूराव समोरून खाकरला.

"थांब जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझं अजून संपलेलं नाही."