आपण म्हणायचं

मालिनीबाईंनी आपले स्नो बूट देऊन टाकले, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं. अमेरिकेत, नेपरव्हिलला तीन हिवाळे काढलेली बाई मार्च महिन्यात बूट देऊन टाकते, म्हणजे तिच्या मनात काहीतरी पक्कं ठरलेलं आहे, हे घरात कुणाच्याही लक्षात यायला हरकत नव्हती. पण त्या घरात सगळेच बिझी.

ठरलं होतं ते असं. त्यांचा मुलगा शंतनू आयटीत. त्याला ला पाल्मा नावाच्या स्पॅनिश बेटावर, तिथल्या मोठ्या दुर्बिणीचं सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी मिळाली होती. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये निघायचं. जेवताना शंतनू आणि सून नेत्रा रोज त्याबद्दल बोलत, आणि बोलत ते इंग्रजीत. वी विल नीड अ कार. वी विल बी नियर द सी. इंग्रजीतला हा 'वी' भलताच ऐसपैस. त्यात मालिनीबाई खुशाल मांडी घालून बसल्या.

मग काय, बाईंच्या उत्साहाला उधाण आलं. बेटावर केळीच्या बागा आहेत असं कळल्यावर पानावरच्या जेवणाचे मनात मांडे खाऊन झाले. तिथे दगडफूल कुठलं मिळायला, म्हणून किलोभर गोडा मसाला भाजून, दळून पिशव्यांत भरला. लायब्ररीतून स्पॅनिशची सीडी आणली आणि सात वर्षांच्या नातीला, सईला, घेऊन रोज दुपारी 'ब्वेनास तार्देस' घोकणं सुरू झालं. त्या बदल्यात सईचं मराठी सुधारायचं. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई ती, गप्प कशी बसेल? पोरगी एका ठिकाणी हमखास चुकायची. "आजी, आम्ही खेळूया?" असं विचारायची.

"आपण म्हणायचं," मालिनीबाई सांगायच्या. "मी असले की आपण. मी नसले की आम्ही."

सई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जूनमधल्या एका रविवारी त्या मसाल्याच्या पिशव्या बॅगेत रचत होत्या, तेव्हा शंतनू खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला टेकला.

"आई, ऐक ना. आम्ही चौदा ऑगस्टला निघतोय. त्याच्या आधी तुझं पुण्याचं तिकीट काढतो. संजयदादाशी बोललोय मी. त्याच्याकडे वरची रूम रिकामीच आहे."

संजय म्हणजे त्यांच्या दिरांचा मुलगा. पण मालिनीबाई त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, त्या 'आम्ही'पाशीच अडकल्या होत्या. क्षणभर वेडी आशा वाटली, की इतकी वर्षं इथे राहून लेकाचंही मराठी सईसारखं घसरलं असेल. पण शंतनू व्याकरण शिकला होता ते त्यांच्याच हाताखाली. तीन वर्षांपूर्वी नागपूरचा फ्लॅट विकायला लावताना तो म्हणाला होता, "आपण आता एकत्र राहायचं." तेव्हाही तो चुकून बोलला नव्हता.

"व्हिसात फक्त वाइफ आणि मुलं बसतात," तो म्हणाला. "पॅरेंट्सचं कॉम्प्लिकेटेड असतं."

"तू विचारलंस का त्यांना, माझं?"

शंतनूने बॅगेची चेन अर्धी लावली आणि पुन्हा उघडली. विचारलं नव्हतं. मग तो एवढंच पुटपुटला, की तुला तिथे करमलं नसतं.

मालिनीबाईंना रडू आलं नाही, आधी लाज वाटली. तीन महिने त्या घरभर स्पॅनिश बोलत हिंडत होत्या आणि दोघांपैकी एकानेही त्यांना अडवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत, नवरा गेला तेव्हासुद्धा, इतकं एकटं त्यांना वाटलं नव्हतं. मसाला मात्र तुम्हीच घेऊन जा, असं त्यांनी लेकाला सांगितलं, आणि पिशव्या एकेक करून आपल्या बॅगेतून बाहेर काढून ठेवल्या.

दुपारी सई सीडी घेऊन धावत आली आणि त्यांना बिलगली.

"आजी, आपण कधी जाणार?"

अगदी बरोबर, न अडखळता. आणि शाबासकीसाठी ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

मालिनीबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आम्ही म्हणायचं, बाळा."

"बट यू सेड," सई गोंधळून म्हणाली, "तू असलीस की आपण."

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. "तसंच सांगितलं होतं."