कंट्रोलच्या कुंडीतली तूर

खरं म्हणजे हे कोणाला सांगायचं नाही, असं मनकर्णाबाईंनी मला बजावलं होतं. पण आता त्यांनी स्वतःच सगळं कबूल केलंय, म्हणून मीही तोंड उघडते. मी तूर. साधी, वरणातली तूर. माझं बी अकोल्याहून आलं आणि विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागामागच्या शेडनेटमध्ये संध्यानं मला कुंडीत लावलं.

संध्या ही मनकर्णाबाईंची मुलगी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा तुरींवरचा हा प्रयोग नीट झाला तर तिचा प्रबंध वेळेवर जाईल आणि तिच्या मार्गदर्शक मॅडम तिला पीएच.डी.ला घेतील. फोनवर ती हे इतक्यांदा सांगायची की माझं पाठ झालं.

आमची माती तिनं आधी वाफेवर तापवून घेतली होती. तिच्यात जीव म्हणून उरला नव्हता. मग शेजारच्या कुंडीतल्या बियांना तिनं जिवाणूंचं काळं खत चोळलं. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि झाडाला हवेतला नत्र मिळवून देतात. मला मात्र काही चोळलं नाही. नुसतं पाणी. माझ्या आणि आणखी चार कुंड्यांवर तिनं लिहिलं, 'कंट्रोल'. मला वाटलं, हा मानच असेल.

थोड्याच दिवसांत शेजारीण माझ्या डोक्यावरून पलीकडे बघू लागली. तिची पानं गडद हिरवी, माझी पिवळट. संध्या पट्टी घेऊन आली की आधी तिच्याकडे जायची. एकदा तिचा फोटो काढून 'माझी लाडकी' म्हणून मैत्रिणीला पाठवला. कोपऱ्यात माझी अर्धी कुंडी आली होती, ती कापून टाकली.

मला वाईट वाटलं, असं म्हणणं खोटं होईल. मी जळत होते. शेजारणीच्या शेंड्यावर अळी चढली तेव्हा मी मनात म्हटलं, खा, पोटभर खा. संध्यानं ती लगेच उचलून बाहेर टाकली. माझ्यावर अळी कधी आलीच नाही. तिलाही मी आवडले नसेन.

एकदा मनकर्णाबाई गावाहून, चांदूर रेल्वेहून, डबा घेऊन आल्या. माझ्यापाशी थबकल्या.

"ही काहून अशी पिवयी पडली वं?"

"तिले काही द्याचं नसते आई. कंट्रोल हाये थे. बाकीच्या किती वाढल्या, थे हिच्यावरून समजते."

"म्हंजे दुसरीचं चांगलं दिसावं म्हून हिनं उपाशी राहाचं?"

"आई, तू कशाले हात नको लावू."

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा संध्या प्रॅक्टिकलला होती. त्यांनी पिशवीतल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीखालून स्वतःच्या वावरातली मूठभर माती काढली, माझ्या बुडाशी घातली आणि वर पाणी टाकलं. "खाय माय. कोणाले सांगजो नोको."

त्या मातीत जिवाणू होते. माझ्या मुळांवर गाठी आल्या. मी हिरवी झाले, उंच झाले. शेजारीण आता माझ्याकडे चोरून बघतेय, असं मला वाटायचं. ते दिवस फार छान गेले.

पण संध्याचा चेहरा उतरला. तिनं मॅडमना बोलावलं.

"कंट्रोलमधली ही एकच कशी हिरवी? लेबलं बदललीस?"

"नाही मॅडम."

"मग कारण शोध. नाहीतर सगळा संच पुन्हा पेर."

पुन्हा पेरायचं म्हणजे यंदाचा प्रबंध गेला. मॅडम गेल्यावर संध्या माझ्यासमोर बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, खरं सांगते, खूश होते. ती शेजारणीकडे गेली नव्हती.

मनकर्णाबाईंना हे कळलं तशा त्या थेट मॅडमपुढे येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, पोरीची चूक नाई. म्याच टाकली वावरातली माती. मले थे पाहवलं नाई."

"फक्त हिलाच?"

"मूठभरच होती. बाकीच्यायले पुरली नसती."

मॅडमना हसू आवरेना. मग संध्याला म्हणाल्या, "लिही. बाहेरची माती मिसळल्यामुळे ही कुंडी वगळली. बाकीच्या उपट."

संध्याचा जीव भांड्यात पडला. मला मात्र तो 'वगळली' शब्द लागला.

बाकीच्यांना तिनं उपटलं, मुळं धुतली, भिंगातून गाठी मोजल्या. मग पाकिटांत घालून भट्टीत वाळवलं आणि वजन केलं. शेजारीण आज पाकिटातला चुरा आहे. मी जिवंत आहे आणि मनकर्णाबाई मला त्यांच्या वावरात लावणार आहेत. तरी हेवा मलाच वाटतो. तिला कोणीतरी तोललं. मला नाही.

तुम्हाला एकच विनंती. संध्याचा प्रबंध कधी हाती आला, तर शेजारणीच्या फोटोवर फार वेळ थांबू नका. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असेल, एक कुंडी वगळल्याची. ती ओळ मी आहे. आणि हेही लक्षात ठेवा की शेवटच्या दिवशी मी तिच्यापेक्षा

"चाल वं माय, गाडी सुटन आपली."

आल्याच मनकर्णाबाई. कुंडी उचललीसुद्धा. अहो, थांबा जरा, मी तिच्यापेक्षा चांगली बोटभर