सागवानी फळ्याची जखम

मित्रांनो, माझ्या छातीतली ही फट कुऱ्हाडीची आहे. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेचा जुना सागवानी फळा.

निजामाच्या काळात माझ्यावर फक्त उर्दू लिहिली जाई. भगवानराव नावाच्या पोरानं एकदा मराठीत पाणी मागितलं, तर माझ्यासमोरच त्याच्या पाठीवर छडी मोडली. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, की मूल आधी आपल्या भाषेत शिकेल आणि पाचवीपासून हिंदी, इंग्रजी शिकेल. माझ्या अंगावर तिन्ही भाषा सुखानं नांदल्या.

आमच्या शाळेत रोज एक मूल माझ्यावर ताजी बातमी लिही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात सातवीतल्या धुरपताचा नंबर आला. ती बौद्धवाड्यातली. तिनं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देणार.'

गावातल्या पुष्कळ सवर्णांना ते नाव नको होतं. ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आरडाओरडा ऐकताच दत्तराव मास्तरांनी मुलांना मागच्या दारानं पळवलं. धुरपताला मात्र त्या दारानं बौद्धवाड्याकडं धाडणं धोक्याचं होतं, तिची वाट गावातूनच जात होती. मी भिंतीला तिरका टेकलेला होतो. मास्तरांनी तिला माझ्याआड बसवलं.

जमाव आत घुसला. पुढं तोच भगवानराव, आता पोक्त झालेला, हातात कुऱ्हाड.

"मास्तर, ती पोरगी कुठं हाय?"

"घरला गेली."

"खोटं बोलायलाव व्हय?"

"भगवानराव, मराठीत पाणी मागितलं म्हणून इथंच मार खाल्ला व्हता तुमी. इसरलाव?"

"न्हाई इसरलो! म्हणूनच ही शाळा आमची हाय!"

जमावातल्या एकाची काठी बसली आणि मास्तरांचा उजवा हात कोपरातून लोंबला. मग माझ्यावरच्या त्या बातमीवर कुऱ्हाड आली. पातं आरपार गेलं, धुरपताचा गाल चिरला. तिनं ओढणी दातांत गच्च धरली. तिचा आवाज फुटला नाही, म्हणून ती वाचली.

जमाव बौद्धवाड्याकडं वळला. थोड्याच वेळात खिडकीतून धूर आत आला. तिचं घर जळत होतं.

आठवड्यानं तिची आई सुलाबाई तिला घेऊन आली. "मास्तर, दाखला द्या. परभणीला जायलोत आमी."

"परीक्षेपर्यंत तरी ठेवा हिला. लय हुशार हाय."

"जीव ऱ्हायला तर परीक्षा, मास्तर."

डाव्या हातानं मास्तरांनी वेडीवाकडी सही केली.

सुतारानं मला पट्टी ठोकली. पण तरटावरची धुरपताची जागा रिकामीच राहिली. सारा वर्ग तिकडं न बघता पाढे म्हणत राहिला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाची जागा रिकामी दिसली, तर तुम्ही तरी विचारा, इथं बसणारी कुठं गेली?