लव्होनच्या नावाचा परवाना

शिकारीच्या मोसमाचा पहिला शनिवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऑर्विल हेगलंडने एक गोळी झाडली आणि दोन हरिणी पडल्या.

पुढची त्याने पाहिली होती. मका कापलेल्या शेताच्या कडेला ती आडवी उभी होती, सत्तर पावलांवर. तिच्या मागे झुडपात दुसरी आहे हे मात्र त्याला दिसलं नाही. गोळी आरपार जाऊन कुठे थांबेल ते आधी बघावं, हे तो विस्कॉन्सिनच्या त्या गावात वीस वर्षं पोरांना शिकवत आला होता. मचाणावरून उतरून तो दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला. वाईट वाटायला हवं होतं. त्याने जरा वाट पाहिली. वाटलं नाही.

नऊ ऑक्टोबरपासून हे असंच चाललं होतं. त्या दिवशी त्याची बायको लव्होन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता खुर्चीत टेकली, ती पुन्हा उठली नाही. दफनाला आलेली माणसं रडली. ऑर्विलने नंतर खुर्च्या उचलून ठेवल्या. दर रविवारी तो चर्चला जाई, स्तोत्रांचं पुस्तक उघडं धरून उभा राही. प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचे इवलेसे पेले धुवायचं काम लव्होनचं होतं, तेही आता तोच करी. प्रार्थना तेवढी होत नव्हती. देवावर राग नव्हता. राग असता तर निदान बोलणं तरी झालं असतं.

गोळीचा आवाज ऐकून त्याचा धाकटा भाऊ मर्लिन पलीकडच्या रानातून आला. नारिंगी जाकिटात तो भोपळ्यासारखा दिसत होता.

"एका गोळीत दोन," तो म्हणाला. "आणि आंधळा म्हणे मी."

"माझ्याकडे एकच परवाना आहे."

"तुझ्याकडे दोन आहेत, म्हाताऱ्या."

ते खरं होतं. एका परवान्यावर एकच हरिणी. ऑगस्टमध्ये त्याने आणि लव्होनने एकाच खिडकीवर परवाने काढले होते, आणि तिचा अजून ऑर्विलच्या पाकिटात होता. पस्तीस वर्षं ती मचाणाखाली घडीच्या खुर्चीवर बंदूक मांडीवर घेऊन बसायची आणि मोजे विणायची. स्वतः तिने मारल्या जेमतेम तीन. तिच्या परवान्यावरची हरिणी बहुधा तोच मारायचा. कायद्याला ते चालत होतं, फक्त ती हाकेच्या अंतरावर हवी.

ऑर्विल म्हणाला, शिकारखात्याला कळवावं लागेल. मर्लिनने नकारार्थी मान हलवली. कळवलं की हरिणी जाणार, वर दंड, कदाचित बंदूकही. आणि एवढं मांस घरात असताना लव्होनने तरी ते जाऊ दिलं असतं का?

"येशूने पेत्राचं जाळं भरून दिलं, तेव्हा त्याने जास्तीचे मासे परत टाकले का रे?"

"पेत्राला परवान्याची मर्यादा नव्हती."

"मग? देवाने दिलं ते घे की."

ऑर्विलने खिशातून फोन काढला. पूर्वी शिकार नोंदवायला गावातल्या दारूच्या दुकानात न्यावी लागे. मालक तिच्या पायाला पत्र्याची पट्टी अडकवी आणि अर्धं गाव बघायला जमे. तिथे लव्होनचं नाव कोणी पुढे करू शकलं नसतं. आता सगळं फोनवर. ते बदललं तेव्हा ऑर्विल कुरकुरला होता, लव्होन दोन मिनिटांत शिकली होती. त्यामुळे हा फोन त्याने कधी केलाच नव्हता. मर्लिनने दाखवलं तसे त्याने आधी स्वतःच्या परवान्याचे आकडे दाबले. पुढची हरिणी नोंदली गेली. मग त्याने पाकिटातून दुसरा कागद काढला. यंत्राने तिची जन्मतारीख विचारली; ती त्याला कागदावर बघावी लागली नाही.

यंत्रातली बाई प्रसन्नपणे म्हणाली, "लव्होन हेगलंड. आज शिकार तुम्ही केली असल्यास एक दाबा."

सरकारला कळलंच नव्हतं. सरकारच्या लेखी ती आत्ता मचाणाखाली बसली होती, मोजा विणत. ऑर्विलचं बोट एकच्या आकड्यावर होतं. बाईने पुन्हा विचारलं.

"दाब," मर्लिन म्हणाला.

बाईने तिसऱ्यांदा विचारलं. ऑर्विलने मचाणाकडे पाहिलं. खुर्ची त्याने या वर्षी आणली नव्हती. त्याने फोन बंद केला आणि शिकारखात्याच्या अधिकाऱ्याला लावला. मर्लिन एक शिवी हासडून दूर जाऊन उभा राहिला.

अधिकारी शाँग नावाची तिशीतली बाई होती. तासाभरात आली. गोळी कुठून कुठे गेली ते तपासून तिने मान डोलावली, काय घडलं ते लिहून घेतलं. स्वतःहून कळवलंत म्हणून दंड लावत नाही, बंदूकही ठेवा, पण मागची हरिणी गरजूंच्या अन्नकोठाराला जाईल, असं तिने सांगितलं. मग तिला त्याच्या हातातला कागद दिसला.

"हा कुणाचा?"

"बायकोचा."

"त्या इथे आहेत का?"

"नाही." गावात सगळ्यांना आपोआप कळलं होतं. त्याला स्वतःला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. "ती वारली. नऊ ऑक्टोबरला."

शाँगने टोपी काढली. मग तिने विचारलं की यादीतून नाव मी काढवून घेऊ का, नाहीतर दर वर्षी घरी पत्रं येत राहतील.

"नको. मीच सांगतो."

"कचेरी सोमवारी नऊला उघडेल."

दोघांनी मिळून मागची हरिणी तिच्या गाडीत चढवली आणि शाँग निघून गेली. मर्लिन उरलेली ओढायला दोर आणायला निघाला. तो अजून घुश्शात होता. ऑर्विल एकटाच शेताच्या कडेला राहिला. सोमवारी काय बोलायचं ते एकदा म्हणून बघावं, असं त्याला वाटलं.

"लव्होन गेली," तो म्हणाला.

आवाज नीट निघाला. मर्लिन एव्हाना झाडांपलीकडे पोहोचला होता, म्हणजे ते त्याला सांगितलेलं नव्हतं, आणि कचेरी बंद होती. ऑर्विलने चर्चमध्ये काढतो तशी टोपी काढून हातात घेतली आणि तेच पुन्हा सांगितलं, तारखेसकट.