दोन आवाजांमधलं अंतर

कागदावरच्या त्या दोन भोकांमध्ये एकतीस मिलिमीटर अंतर होतं. आर्लीनने व्हर्नियरची टोकं उचलून पुन्हा टेकवली. एकतीसच. खालचं भोक काळ्या वर्तुळाच्या मधोमध होतं, कडा स्वच्छ कापलेल्या. वरचं जरा डावीकडे, थेट पांढऱ्या भागात. पन्नास फुटांवरून मर्लची गोळी पांढऱ्यात गेलेली तिने छत्तीस वर्षांच्या संसारात क्वचितच पाहिली होती. गेल्या तीन आठवड्यांत मात्र ही सातवी वेळ.

"बघितलंस?" मर्ल तिकडूनच ओरडला. कानांवरची झाकणं काढायचं त्याला भान नव्हतं, त्यामुळे आवाज गरजेपेक्षा मोठा लागला होता. "चाप एकदा ओढला आणि बार दोन! लिही. डबल."

आर्लीनने लिहिलं : चारशे चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी, डबल.

"आता पंधराच राहिल्या," मर्ल म्हणाला. "त्या गुरुवारी उडवू. डचला बोलावतो, टेसालाही बोलावतो. त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे."

नेमबाजीची रेंज होती गावच्या फायर कंपनीच्या, म्हणजे आग विझवणाऱ्या पथकाच्या, इमारतीखालच्या तळघरात. खिडकी एकही नाही. लोखंडी दार एकच, आणि तांबडा दिवा लागलेला असेपर्यंत ते आतूनही उघडायचं नाही असा दंडक. आर्लीनचं टेबल दाराला पाठ लावून होतं. डोकं वर केलं की समोर मर्लची पाठ दिसायची आणि त्याच्या वर, भिंतीवर, मर्लनेच सत्तावीस वर्षांपूर्वी रंगवलेली पाटी :

"बंद" हा शब्द कोणीही म्हणू शकतं. ऐकलं की आधी थांबा. मग कारण विचारा. म्हणणाऱ्याने कारण सांगितलंच पाहिजे.

ओळी पट्टी न लावता रंगवलेल्या होत्या आणि तरी सुतात होत्या. अलीकडे आर्लीन ती पाटी वाचायची टाळत असे.

क्लबला मुलांसाठी आठ नव्या रायफली घ्यायच्या होत्या. आजवर मुलं जुन्या पॉइंट टू-टू रायफलींवर शिकत आली. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा, मग दुसरी गोळी. पण आसपासच्या क्लबांच्या लीगने दोन वर्षांपूर्वी स्पर्धेचा नवा प्रकार काढला. लोखंडी पाच तबकड्या, घड्याळ लावून. त्यात आपोआप भरणारी रायफल असलेल्या क्लबांची मुलं भराभर तबकड्या पाडत, आणि यांची मुलं बोल्टशी झटत राहत. मग गावातल्याच, बंदुका बनवणाऱ्या टेसा यानोविचने तशा रायफलीचा एक नमुना बनवून दिला. नळी जाड, दस्ता पोरांच्या आखूड हाताला बेतलेला, चाप हलका. मर्लने पाचशे गोळ्या उडवून ती पारखायची, कुठे अडकते, कुठल्या काडतुसाशी तिचं जमतं, पाच गोळ्या किती जागेत बसतात हे नोंदवायचं आणि खाली मत लिहायचं, असं ठरलं. ते मत लीगच्या नऊही क्लबांत जाणार होतं. मर्ल ह्युडॉकने "चांगली" म्हटलं की चौकशी न करता ऑर्डर देणारी ती माणसं. त्याने "डबल होते" लिहिलं, तर टेसाची रायफल त्या डोंगरपट्ट्यात कोणी हातात धरणार नव्हतं. एकदा चाप ओढल्यावर दोनदा उडणारी रायफल मुलांच्या हाती कोण देईल?

बाकी सगळं उत्तम होतं. पाच गोळ्या सरासरी नऊ मिलिमीटरमध्ये. अडकली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा स्वस्तातल्या काडतुसांवर. आर्लीनने इतकी देखणी आकडेवारी फार वेळा पाहिली नव्हती. फक्त हे सात डबल.

तक्त्याच्या तळाशी दोन सह्यांची जागा होती. एक उडवणाऱ्याची, दुसरी नोंदणाऱ्याची.

घरी तिने त्याला कॉफी दिली. अर्धा कप. दोन वर्षांपासून ती अर्धाच कप भरत आली होती. मर्ल तो दोन्ही हातांनी धरायचा, आणि संपला की ती न विचारता पुन्हा अर्धा ओतायची. याबद्दल दोघांत कधी शब्द झाला नव्हता. शब्द झाला होता तो एकदाच, शहरातल्या डॉक्टरांकडून परतताना, गाडीत. डॉक्टर म्हणाले होते, जिवाला धोका नाही, पण हाताची थरथर वाढत जाईल. गाडी आर्लीन चालवत होती. खिडकीबाहेर बघत मर्ल म्हणाला, "क्लबात बोलायचं नाही हं, आर्ली."

ती म्हणाली, "नाही बोलणार."

म्हणायला किती सोपं होतं ते. त्यानंतर मॅगझिन तीच भरू लागली, कारण बारीक काडतुसं त्याच्या बोटांतून निसटत. स्क्रू तीच घट्ट करू लागली. क्लबच्या चिठ्ठ्या तीच लिहू लागली. आणि मर्ल दर शनिवारी नेम शिकवायला मुलांच्या शेजारी गुडघे टेकून बसत राहिला. जुन्या रायफलीत गोळी उडाल्यावर बोट कितीही थरथरलं तरी काही बिघडत नसे. पुढची गोळी नळीत आलेलीच नसायची. जुन्या रायफलींनी मर्लचं गुपित दोन वर्षं सांभाळलं होतं. ही नवी सांभाळेना.

मंगळवारी मर्ल दात दाखवायला गेला, तेव्हा आर्लीनने किल्ली घेतली आणि एकटीच तळघरात उतरली. तीच रायफल, तीच काडतुसं. दोनशे गोळ्या तिने मोजून उडवल्या. घट्ट धरून उडवल्या, सैल धरून उडवल्या, दस्ता खांद्याला नुसता टेकवूनही उडवल्या. डबल एकही नाही. पुंगळ्या झाडून डब्यात भरताना तिचे कान सुन्न झाले होते आणि मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती : आता माहीत नाही असं म्हणायची सोयही गेली.

खरं तर ती सोय आधीच गेली होती. तबकड्यांच्या सरावासाठी क्लबने एक छोटं यंत्र घेतलं होतं. गोळीचा आवाज ऐकून ते दोन बारांमधला वेळ दाखवतं. पहिल्या डबलनंतर आर्लीनने ते कोटाच्या खिशात ठेवलं ते ठेवलंच. आतला खटका झिजून दुसरा बार उडत असेल, तर तो बोल्ट मिटल्या क्षणी उडायला हवा, सेकंदाच्या विसाव्या भागात, आणि दरवेळी तेवढ्यातच. यंत्राला खोड लागली तरी ते एकसारखं चुकतं. खिशातले आकडे तसे नव्हते. सेकंदाचे चौदा शतांश, एकवीस, सतरा, बारा, एकोणीस, सोळा. तीन आठवडे तिने ते किराण्याच्या यादीच्या पाठीमागे लिहून ठेवले होते. तक्त्यात लिहिले नव्हते.

एकतीस वर्षं तिने गावच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली. एकदा शिशाचा आकडा "जरा खाली घ्या" म्हणून वरून फोन आला, तेव्हा तिने पुन्हा तोच आकडा लिहून पाठवला होता. तीच आर्लीन आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. बोलावं तर मर्लचं उरलंसुरलं सगळं एका वाक्यात जाणार. न बोलावं तर टेसाच्या हातची कारागिरी मातीत जाणार, आणि शनिवारी मर्ल पुन्हा कोणाच्या तरी लेकराशेजारी बसणार.

गुरुवारी वर फायर कंपनीचं जेवण होतं. क्लबचा अध्यक्ष डच क्लिंगर कोबी-नूडल्सचा डबा घेऊनच खाली आला. लोण्यात परतलेल्या कोबीचा वास बारुदाच्या वासात मिसळला.

"काय व्हर्नियरबाई," डच म्हणाला, "आज आमची पोटं मोजणार की भोकंच?"

"तुझं पोट मोजायला माझा व्हर्नियर पुरायचा नाही," आर्लीन म्हणाली.

डच खदखदून हसला. टेसा हसली नाही. एकतिशीची ती बाई हातांचं तेल न पुसताच आली होती. रायफल खोलून तिने चापाचे भाग कापडावर मांडले, भिंगातून एकेक पाहिला आणि मान हलवली.

"कोच, मला काही सापडत नाही हो. खटका कोरा आहे. धारेला धार बसते."

"तुला सापडत नाही म्हणजे नाही असं नव्हे," मर्ल म्हणाला. "चाप फार हलका केलास. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

"तुम्हीच सांगितलेल्या वजनाला ठेवलाय."

"मग माझंच चुकलं म्हण ना!"

"तसं नाही म्हणत मी." टेसाने भाग पुन्हा जुळवायला घेतले. मान वर न करता खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही डबल म्हणताय म्हणजे असणारच. मी ही परत नेते. पुढच्या नाही बनवत. अंदाज बिघडला असेल माझा."

अकरा वर्षांची असताना याच तळघरात मर्लने तिला नेम धरायला शिकवलं होतं. त्याच्या शब्दावर शंका घेणं तिला जमत नव्हतं. त्यापेक्षा स्वतःच्या हातांवर घेणं सोपं होतं.

"चला, कागद उरकू," डच म्हणाला. "आर्लीन, तू सही करून टाक. मर्लची नंतर घेऊ. उद्याच्या टपालात घालतो म्हणजे नऊ ठिकाणी सोमवारी पोचेल."

पेन तिच्या हातातच होतं. कागद समोर होता. दार पाठीशी होतं आणि वर तांबडा दिवा लागलेला.

"पंधरा गोळ्या राहिल्यात," ती म्हणाली.

"पंधरा गोळ्यांनी काय होणार आहे?"

"पाचशे म्हणून लिहिलंय. चारशे पंच्याऐंशीवर मी सही करत नाही."

"बाई कायद्यावर आली," डच मर्लला म्हणाला. "उडव बाबा. नाहीतर नूडल्स गार होतील."

मर्ल लाइनवर, बाकापुढच्या स्टुलावर बसला. टेसा त्याच्या डाव्या हाताला वाकून बोल्टकडे बघत उभी राहिली. कानांवर झाकणं चढली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही काळ्यात. आर्लीनचा एक हात खिशात, यंत्रावर होता.

"कोच," टेसा मोठ्याने म्हणाली, "बार झाला की बोट चापावरच ठेवता का तुम्ही?"

मर्लची पाठ ताठ झाली. "बोट कुठे ठेवायचं ते तुला मी शिकवलंय, पोरी. तू मला नको शिकवू."

"नुसतं विचारलं हो."

सहावा बार झाला आणि त्याला चिकटूनच दुसरा. कागदाच्या वरच्या लाकडी आडव्या पट्टीची कड फुटली आणि एक ढलपी खाली पडली. सतरा शतांश असावेत. आर्लीनला आता यंत्र न बघताही कळत होतं.

"हे बघ!" मर्ल स्टुलावरच टेसाकडे वळला. त्याचा चेहरा फुलला होता, जिंकल्यासारखा. "बघितलंस ना डोळ्यांनी? आता बोल!"

तो वळला तशी नळीही वळली. आधी वीतभर, मग आणखी. पुढे टेसाचा हात टेकलेला होता, बाकाच्या कडेवर. दहाच्या मॅगझिनमधल्या तीन गोळ्या अजून उरल्या होत्या. त्यांतली एक नळीत आलेली होती. डच डब्याचं झाकण उघडत होता. टेसा नळीकडे बघतच नव्हती; ती मर्लच्या तोंडाकडे बघत होती, रागावलेल्या मास्तरांकडे बघावं तशी. आणि आर्लीनला मात्र फक्त त्याचं बोट दिसत होतं. चापावर होतं ते. हलत होतं.

"बंद!"

आवाज तिचाच होता. तळघरात तो दोनदा घुमला.

टेसाचे दोन्ही हात वर गेले. डचच्या हातातलं झाकण जागच्या जागी राहिलं. आणि मर्लसुद्धा थांबला. सत्तावीस वर्षांच्या सवयीने बोट बाहेर आलं, नळी समोर झाली, मॅगझिन निघालं, बोल्ट उघडला गेला. नळीतली गोळी बाकावर पडून गडगडत गेली आणि टेसाच्या बोटांना लागून थांबली. मर्ल उठून लाइनच्या दोन पावलं मागे उभा राहिला. मुलांना करायला लावायचा तसाच, नियमाबरहुकूम.

डचने झाकण ठेवलं, भिंतीकडे एकवार पाहिलं आणि अध्यक्षाच्या आवाजात विचारलं, "कोण म्हणालं?"

"मी."

"कारण?"

मर्ल तिच्याकडे बघत होता. उजवा हात त्याने खिशात घातला होता. खिशाचं कापड हलत होतं. "आर्ली," तो हळूच म्हणाला. एवढंच.

आर्लीनने पेनाला टोपण लावलं. खिशातून किराण्याची यादी काढली आणि आकड्यांची बाजू वर करून तक्त्यावर ठेवली. तिचा स्वतःचा हात अगदी स्थिर होता, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

"रायफलीत दोष नाही, डच," ती म्हणाली. "आठही डबल मर्लच्या बोटाचे आहेत. त्याचा हात दोन वर्षांपासून थरथरतो, आणि मला ते माहीत होतं. मी सही करणार नाही. आणि शनिवारी मर्ल मुलांजवळ बसणार नाही."