निम्म्या मुलींची अट

खडी फोडायच्या क्रशरचा जाड रबरी पट्टा पहिल्यांदा चिमणीच्या पाठीत बसला, तेव्हा वाइंडिंगबाई शेडच्या दुसऱ्या टोकाला फळ्यावर मोटारीची आकृती काढत होत्या. एखाद्या यंत्राचा पट्टा तुटला असेल असं वाटून त्या वळल्या, तर चिमणीचा थोरला भाऊ तिला वेणी धरून टेबलाखालून ओढत होता. दुसरा फटका तिच्या कानशिलावर बसला. नाव चिमणी असलं तरी पोरीचा आवाज भोंग्यासारखा. पण त्या फटक्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. कानातून रक्ताचा ओघळ मानेवर उतरला.

बाकीच्या मुली भिंतीला चिकटल्या. एक मुलगा मध्ये पडायला गेला, त्याच्या तोंडावर लाथ बसली. बाईंनी मागचापुढचा विचार केला नाही. टेबलावरच्या व्हाइसचा, काम घट्ट पकडणाऱ्या शिकंजाचा, लोखंडी दांडा उपसला आणि पट्टा पुन्हा वर गेला तेव्हा त्याच्या हातावर जीव खाऊन हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यांवर कोसळला. इथे थांबायला हवं होतं. पण बाईंनी दांडा परत उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. आणखीही घातला असता, पण मुलींनी मागून कव घालून त्यांना ओढलं.

ही संस्था बाईंनी आणि त्यांच्या दिरांनी मिळून टायरच्या जुन्या गोदामात काढली होती. बाई मोटार वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळून भरायचं काम, शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना वाइंडिंगबाईच म्हणत. मुलं यायची ती दगडखाणीच्या वस्तीतली. त्यांच्या घरात कुणी शाळा पुरी केलेली नव्हती, मग विज्ञान आणि इंजिनिअरिंग तर लांबच. अशाच घरांतल्या मुलांना या शिक्षणात आणण्यासाठी एक मोठं अनुदान होतं आणि दीर त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. त्याच्या अटी कडक होत्या. शिकणाऱ्यांत निदान निम्म्या मुली हव्यात, आणि संस्थेवर किंवा तिथे शिकवणाऱ्यांवर फौजदारी प्रकरण नको. तपासनीस पुढच्याच आठवड्यात येणार होते.

निम्म्या मुली जमवताना दोघांच्या नाकी नऊ आले होते. मुली मिळेनात, म्हणून मुलगे परत पाठवावे लागले. चिमणीचा भाऊ त्यांतलाच एक. वर्ष सुरू होण्याआधी तो अंगभर खडीची धूळ घेऊन दारात उभा राहिला होता. मोटारीचं काम शिकायचंय, म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं की तो या वर्षी बसत नाही. आणि मग, अगदी सहज, घरात बहीण आहे का म्हणून विचारलं. त्याने बिचाऱ्याने आहे म्हणून सांगितलं. बाईंनी त्याच्या बापाला गाठून, गोड बोलून, बहिणीला घेतलं. बाप क्रशरवरचा मुकादम. पोरगी शिकायला गेल्यावर तिच्या वाटणीची खडी वाहायचं कामही त्याने पोराच्या डोक्यावर घातलं. वर वस्तीतले लोक त्याला विचारायचे, काय रे, बहीण इंजिनिअर आणि तू पाटीवाला? हे सगळं त्याच्या आत साचत गेलं होतं.

दिवस मावळायच्या आत मुकादम आठ-दहा माणसं घेऊन आला. त्यांच्या हातात दगड फोडायचे घण होते. दीर हात जोडून पुढे झाले, तर एकाने त्यांना छातीत ढुशी मारून मोटारींच्या ढिगावर पाडलं. मग घण चालले. लेथचं चाक फुटलं, मोजमापाची यंत्रं फुटली, मुलींनी आठवडाभर बसून भरलेल्या मोटारींची तांब्याची तार बाहेर लोंबायला लागली. बाई कोपऱ्यात उभ्या राहून पाहत राहिल्या. मुकादम जाताना त्यांच्यापाशी थांबला. "पोरगा लुळा झाला," तो हळू आवाजात म्हणाला, "तर तुझा हातसुद्धा जाग्यावर राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानेच तडजोडीचा निरोप धाडला. दोन्ही बाजूंनी पोलिसांकडे जायचं नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. दिरांनी ताबडतोब होकार दिला आणि तोच सांगायला ते इस्पितळात आले. चिमणीच्या डोक्याला पट्टी होती. कानाचा पडदा फाटला होता आणि त्या कानाने पुन्हा ऐकू येईल अशी आशा डॉक्टरांनी दाखवली नव्हती.

दीर बाईंना खिडकीपाशी घेऊन गेले. "वहिनी, आपण फिर्याद केली की ते तुमच्यावर करणार, आणि आपण अपात्र," ते म्हणाले. "मग पन्नास पोरांचं काय? एकीसाठी सगळ्यांना बुडवायचं?"

बाईंना त्यांचं पटत होतं, हीच पंचाईत होती. शिवाय फिर्याद झाली तर त्यांचा तो दुसरा घावही चव्हाट्यावर येणार होता. त्या मान हलवणार एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"माझ्या कानाचं काय ठरलं?"

दोघंही वळले. चिमणी उठून बसली होती.

"तडजोड झाली म्हणता," ती म्हणाली. "भाऊचं ठरलं, बाबांचं ठरलं, अनुदानाचं ठरलं. माझ्या कानाचं काय ठरलं ते कुणी बोलतच नाही."

दिरांनी तिला समजावलं, मग बापाचं भय घातलं. ती चपला शोधायला लागली. बाईंनी त्या खाटेखालून काढून दिल्या आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. तिने आपली फिर्याद सांगितली. मग बाईंनी आपलंही सांगितलं: पहिला घाव पोरीला वाचवायला घातला, दुसरा नाही. हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली आणि हे सांगायलाच हवं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, लिहा.

तपासनीस आले तेव्हा शेडमध्ये काचा वेचणं चालू होतं. माणूस सभ्य होता. मुलींशी बराच वेळ बोलला, बाकी सगळ्या अटींत तुम्ही बसता असं म्हणाला, आणि अपात्र ठरवून गेला. दिरांनी शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा पाय ठेवला नाही. पुष्कळ मुलींच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं. मुकादमाने चिमणीला घराबाहेर काढलं, ती बाईंकडे राहायला आली.

मोडक्या मोटारी पुन्हा भरायला घेतल्या होत्या, त्या सुमाराला तिचा भाऊ जामिनावर सुटून फाटकाशी आला. हात गळ्यात अडकवलेला होता, बोटं पुरती वळत नव्हती.

"अनुदान गेलं म्हणतात," तो म्हणाला. "म्हणजे अटही गेली. आता घ्याल का मला?"

त्याला घ्यावं असं बाईंना मनापासून वाटलं. त्याच्या हाताकडे बघवत नव्हतं. पण त्यांनी आत जाऊन आधी चिमणीला विचारलं. ती हातातली तार न सोडता म्हणाली, "तो या छपराखाली बसला, तर माझं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे राहील. मी कशी शिकू?"

बाई परत फाटकाशी आल्या. "नाही," त्या म्हणाल्या.

"परत बसत नाही का मी?"

"तेव्हा अटीमुळे नाही म्हटलं होतं, ती माझी चूक. आज तुझ्यामुळे नाही म्हणते."

त्याने धडधाकट हाताची मूठ फाटकाच्या पत्र्यावर मारली. मग पुन्हा, मग पुन्हा, सालटी निघून पत्र्यावर रक्त लागेपर्यंत. आतल्या मुलींचं काम थांबलं. बाई जागच्या हलल्या नाहीत, पण मागे व्हाइसचा दांडा कुठे आहे हे आपल्याला नेमकं माहीत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी दोन्ही हात फाटकाच्या वरच्या गजांवर ठेवले आणि तो दमेपर्यंत तिथेच ठेवले.

तो खाणीच्या रस्त्याने निघून गेला. बाईंनी पाणी आणून पत्रा धुतला आणि आत गेल्या.