टॉवेलाखालचा हात

आमचे मालक, माझ्या कुकवाचे धनी आप्पासो, म्हंजे खरसुंडीच्या बाजारातले जुने हेडी, बैलांचे दलाल. बैल घेणाऱ्याचा हात टॉवेलाखाली धरायचा, बोटं दाबून भाव करायचा, चारचौघांत आकडा फुटू द्यायचा न्हाई, ह्यो त्यांचा धंदा. एक बोट म्हंजे एक, आख्खा पंजा म्हंजे पाच, एवढं मलाबी ठावं. "टॉवेलाखाली खोटं चालत न्हाई," म्हणायचे. कुणी खोटं बोट दाबलं की तिथंच हात सोडायचे, पुन्हा त्या माणसासंगं बसायचे न्हाईत. घरात मातूर ह्या माणसाच्या तोंडातनं सरळ शब्द काढायचा म्हंजे माझा जीव मेटाकुटीला यायचा.

गेल्या माघात त्यांचा उजवा हात बधिरला. बाजारात सौदे मोडाय लागले. मी म्हणलं, दवाखान्यात चला. तर म्हणे, थंडीनं झालंय. मग एक दिवस गोठ्यातच झटका येऊन पडले, तवा कुठं आमच्या लेकानं, अर्जुनानं, गाडीत घालून मिरजेला नेलं. फोटोत मेंदूच्या पार आत गाठ दिसली.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "गाठ फार खोल आहे. डोकं उघडून तिथं जाता येणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. त्याची सोय सगळीकडं नसते. पुण्याला, मेंदूच्या ऑपरेशनचा मोठा विभाग असेल तिथं न्या."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमाला नीट समजावलं. डोक्याला धातूचं रिंगण चार स्क्रूनं घट्ट बसवायचं आन् तसंच सीटी काढायचं. रिंगणावर मापं असत्यात. गाठ बाजूनं किती, पुढनं किती, खाली किती, ह्याचं गणित कॉम्प्युटर मांडतो. मग हाडाला बारकं भोक पाडून सुई बरोब्बर तिथंच जाती. बधिर करायची ती नुसती कातडी, माणूस जागाच.

"जागा?" मी वरडलेच. "आवं, बैलाला नाल मारताना बी चार माणसं धरत्यात!"

"मी काय लाथ मारतोय व्हय गं?" मालक हसले.

तुकडा काढून झाल्यावर मालक बाहेर आले तवा कपाळावर स्क्रूच्या खुणा हुत्या. म्हणाले, "बाशिंग बांधल्यागत वाटलं बघ. चल, परत लगीन करू." मी पोट धरून हसले. आग लागो त्या हसण्याला.

तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी अर्जुनाला एकट्यालाच आत बोलावलं. पोरगं बाहेर आलं ते भिंतीला धरूनच. मालकांनी त्याला बाकावर शेजारी बसवलं, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातावर टाकला.

"आईपुढं बोलू नकोस. हितं सांग. किती म्हैने?"

अर्जुनानं हात दाबला. मालकांनी मान हलवली. "कळलं. जा, औषधं घिऊन ये."

पोरगं वळलं आन् मालक माझ्याकडं वाकले. "बया, सवयीनं उजवाच हात दिला गं. काय सुदीक कळलं न्हाई. त्याला परत सांगाय लावायचं माझ्यानं हुईना. तू इचारून ये."

जिन्यावर अर्जुना गुडघ्यात डोकं घालून बसला हुता. मी इचारलं, तर त्यानं माझी दोन बोटं धरली.

"वर्षं?" मी म्हणलं.

त्यानं मान हलवली, न्हाई. आन् बोटं तशीच धरून लहानपणी रडायचा तसा रडला. देवा, मला न्यायचं सोडून ह्यांनाच का रं?

डोळं पुसून मी माघारी आले. मालकांनी ह्या खेपंला डावा हात टॉवेलाखाली घातला. साऱ्या संसारात पहिल्यांदा मी त्या टॉवेलात हात घातला आन् त्यांची पाची बोटं गच्च धरली.

"वर्षं," मी म्हणलं.

मालक माझ्या तोंडाकडं बघत राहिले. जन्म बाजारात गेलेला माणूस, त्याला काय खोटं बोट कळत न्हाई? आता हात सोडणार म्हणून मी डोळं मिटले.

त्यांनी हात सोडला न्हाई.